धागा वर की खाली? अंगातल्या शर्टाचं कापड घडतं कसं

मागच्या महिन्यात आठवीच्या वर्गात मी सगळ्यांना भिंगं वाटली आणि सांगितलं, आपापल्या शर्टाच्या बाहीवर पट्टी ठेवा आणि एका सेंटिमीटरात उभे धागे किती, आडवे किती ते मोजा. आमची शाळा सांगली जिल्ह्यातल्या विट्यातली. निम्म्या मुलांच्या घरात नाहीतर शेजारी यंत्रमाग आहे. मागाच्या खटखटीत झोपणारी आणि त्याच खटखटीत उठणारी ही पोरं. तरी रोज अंगात घालतो त्या शर्टात एवढे धागे असतात, हे बहुतेकांनी त्या दिवशी पहिल्यांदाच नीट पाहिलं. उभे धागे कुणाचे 36 भरले, कुणाचे 35. आडवे मात्र सगळ्यांचेच कमी, 28 च्या आसपास. शेवटच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "बाई, उभे जास्त आणि आडवे कमी, असं का?"

प्रश्न लाखमोलाचा होता. त्याचं उत्तर द्यायचं तर कापसाच्या बोंडापासून मागावर आडवा धागा नेणाऱ्या धोट्यापर्यंत सगळं सांगावं लागतं. तासात ते मावलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे.

सुरुवात आजीपासून करू. देवापुढे लावायची वात वळताना आजी काय करते? कापूस बोटांत धरून हळूच ओढते आणि पातळ झाला की तळहातावर पीळ देते. सूतगिरणीतलं मोठ्यातलं मोठं यंत्रही हीच दोन कामं करतं: ओढायचं आणि पीळ द्यायचा. कापसाचा एक तंतू जेमतेम 25 ते 30 मिलिमीटर लांब असतो आणि जाडीला आपल्या केसाच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याएवढा. एवढ्याशा तुकड्यांचा किलोमीटरभर धागा कसा होतो, ते घरीच करून बघा. कापसाची पातळ पट्टी न पिळता ओढा, सुळकन सुटते. पीळ देऊन ओढा, आता जोर लावावा लागतो. पिळामुळे तंतू एकमेकांवर दाबले जातात आणि घर्षण वाढतं. जितकं ओढाल तितकं ते एकमेकांना घट्ट धरतात. निसर्गानंही यात हात दिलेला आहे. बोंड उमललं की आतला ओला, नळीसारखा तंतू सुकतो, चपटा होतो आणि स्वतःभोवतीच पिळला जातो. अशा पिळलेल्या फिती एकमेकींत छान अडकतात.

गिरणीत सरकी काढलेला कापूस पिंजतात, विंचरतात, त्याचा जाड पेळू करतात आणि तो ओढत ओढत बारीक करतात. शेवटी चाती, म्हणजे गरगर फिरणारा बारीक दांडा, त्याला पीळ देते. तिचा वेग मिनिटाला 15 हजार फेऱ्यांच्याही वर जातो.

सुताच्या जाडीला बाजारात 'काउंट' म्हणतात. विट्यात कुणी 'चाळीसचं सूत' म्हणालं तर मुलांना वाटतं, वीसपेक्षा ते जाड असणार. उलट आहे. 840 यार्डांची एक लड धरायची आणि एक पौंड वजनात अशा किती लडी बसतात ते मोजायचं. 40 बसल्या तर 40 काउंट. म्हणजे आकडा मोठा तितकं सूत बारीक. हिशेब किलोमीटरमध्ये आणला तर 40 काउंटच्या एक किलो सुताची लांबी भरते 67 किलोमीटरच्या वर. त्याचं एक टोक सांगलीत धरलं, तर दुसरं कोल्हापूर ओलांडून पुढे जाईल.

आता माग. कापडात उभा असतो तो ताणा, आडवा तो बाणा. ताण्याचे सगळे धागे आधी एका मोठ्या रुळावर शेजारी शेजारी गुंडाळतात, त्याला बीम म्हणतात. 44 इंच पन्ह्याचं कापड आणि इंचाला 92 उभे धागे, म्हणजे बीमवर चार हजारांहून जास्त धागे. या प्रत्येक धाग्याला मागावर दिवसभर फणीची आणि तारेची घासाघीस सोसायची असते. कोरं सूत त्यात तग धरत नाही, त्याच्या अंगावरचे बारीक केस पिंजारतात आणि ते तुटतं. म्हणून बीम आधी सायझिंगला जातं. तिथे धागे खळीतून काढतात आणि वाफेवर तापलेल्या रुळांवरून वाळवतात. खळ म्हणजे मुख्यतः स्टार्च, त्यात जोडीला आणखी काही रसायनं.

ही युक्ती आपल्याकडे फार जुनी आहे. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात धनगरांच्या मेंढ्यांच्या लोकरीची घोंगडी सनगर विणकर खड्डामागावर विणतात. ते चिंचोके भिजवून, वाटून, शिजवून त्याची खळ लोकरीच्या धाग्याला देतात. नव्या घोंगड्याला जो कडकपणा असतो तो त्या खळीचाच. सायझिंगच्या कारखान्यात वाफेचा बॉयलर आणि मोटारी आल्या, पण काम तेच.

ही खळ आम्ही शाळेत पकडली. मागावरून नुकतंच उतरलेल्या कोऱ्या कापडावर आयोडीनचा थेंब टाकला, तर ते निळंकाळं झालं. भात आणि बटाट्यावर मुलांनी हा प्रयोग केलेला होताच, पण कापडात स्टार्च सापडल्यावर सगळे बाकांवर चढून बघायला लागले. रंगाई करण्याआधी ही खळ काढून टाकावी लागते, नाहीतर रंग आत शिरत नाही. ती काढायला कारखाने वापरतात अमायलेज नावाचं विकर. आपल्या लाळेत स्टार्च पचवणारं विकर असतं ना, त्याच कुळातलं. विज्ञानाच्या पुस्तकातला पचनाचा धडा आणि कापडाचा कारखाना इथे एकत्र येतात.

खळ दिलेलं बीम कारखान्यात आलं की सर्वांत चिकाटीचं काम सुरू होतं, वहिफणीचं. वही म्हणजे मागावरची चौकट. तिच्यात शेकडो तारा असतात आणि प्रत्येक तारेच्या मध्यावर सुईच्या नेढ्यासारखं भोक असतं. चार हजार धागे एकेक करून त्या नेढ्यांतून आणि मग फणीच्या फटींतून ओढून घ्यायचे. एक धागा चुकला तर कापडाच्या शेवटापर्यंत ती रेघ दिसत राहते. एक बीम भरायला कित्येक तास मान खाली घालून बसणाऱ्या या माणसांचं नाव कापडावर कुठंच नसतं.

माग सुरू झाला की तीन गोष्टी पुन्हा पुन्हा घडतात. एक चौकट वर जाते, दुसरी खाली, आणि ताण्याचे धागे फाकून मधे बोगदा तयार होतो. त्या बोगद्यातून बाण्याच्या धाग्याची गुंडाळी, म्हणजे कांडी, पोटात घेतलेला धोटा सपकन या टोकाकडून त्या टोकाला जातो. मग फणी ठोका मारून तो आडवा धागा कापडाला भिडवते. चौकटी उलटतात, धोटा परत येतो. विट्याच्या गल्लीत येणारी खटखट म्हणजे धोट्याला बसणारा फटका आणि फणीचा ठोका.

माझे आण्णा 35 वर्षं मागावर होते. चार-चार, कधी सहा माग एकटे सांभाळायचे. तार, म्हणजे धागा, तुटली की दोन्ही टोकं बोटांत घेऊन अंगठ्याखाली कशी कोण जाणे गाठ मारायचे. मी कितीदा जवळून बघितलं, पण डोळ्यांना ती गाठ दिसायचीच नाही, फक्त सांधलेला धागा दिसायचा. पाठ वळवून उभे असले तरी कुठला माग अडकला ते आवाजावरून सांगायचे. आज त्यांना उजव्या कानानं जवळजवळ ऐकू येत नाही. 85 डेसिबलच्या वर आवाज रोज आठ-आठ तास कानावर पडला तर श्रवणशक्ती कायमची कमी होऊ शकते, आणि जुन्या मागांच्या शेडमध्ये आवाज त्याच्याही पुढे असतो. कानात घालायची बोळी चार पैशांत मिळतात. त्यांच्या कारखान्यात ती कधी कुणी दिली नाहीत. ज्यांच्या घरी माग आहेत त्या मुलांना मी हे आवर्जून सांगते.

तार तुटलेली माणसानं बघायची, की यंत्रानंच ओळखायची? हा प्रश्न जपानच्या साकिची टोयोडांना पडला होता. त्यांच्या 1924 सालच्या स्वयंचलित मागात कांडी संपत आली की माग न थांबता धोटा आपोआप बदलायचा आणि उभी तार तुटली की माग आपोआप थांबायचा. थांबवण्याची युक्ती इतकी साधी आहे की सहावीतल्या मुलालाही कळावी. प्रत्येक उभ्या धाग्यावर पत्र्याची एक हलकी पट्टी अडकवलेली असते. धागा ताणलेला असेपर्यंत पट्टी वर टेकलेली राहते. धागा तुटला की तिचा आधार जातो, ती खाली पडते आणि माग थांबतो. आजच्या मागांत ती पडताच विजेचं मंडल पूर्ण होतं. त्या मागाचं पेटंट 1929 मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स कंपनीनं विकत घेतलं. पुढे टोयोडांच्या मुलानं मोटारी बनवायला घेतल्या. रस्त्यावर टोयोटाची गाडी दिसली की आठवा, त्या घराण्याची सुरुवात मागापासून झाली.

आता त्या मुलीचा प्रश्न. उभे धागे चार हजार असोत की साडेचार हजार, ते एकदा बीमवर चढले की मागाचा वेळ तेवढाच लागतो. पण प्रत्येक आडवा धागा म्हणजे मागाचा एक पूर्ण फेरा. सेंटिमीटरला 28 आडवे धागे, तर मीटरला 2,800. साधा यंत्रमाग मिनिटाला 120 धागे टाकतो असं धरलं तर एक मीटर कापडाला 23 मिनिटांच्या वर वेळ जातो. आडवे धागे वाढवले की वेळ वाढला, वीज वाढली, मजुरी वाढली. यंत्रमागाच्या गावांत मजुरीचा दर बोलतातच मुळी पिकावर, आणि पिक म्हणजे हाच आडवा धागा. शिवाय विणताना सगळा ताण उभ्या धाग्यांनी सोसायचा असतो, म्हणून त्यांची फळी दाट ठेवतात. उभे जास्त आणि आडवे कमी, ते यामुळे.

नव्या मागांनी धोटाच काढून टाकला. लाकडाचा जड धोटा इकडून तिकडे फेकायचा, थांबवायचा, परत फेकायचा, यात वेग अडकतो. न्यायचा असतो फक्त एक धागा! रेपिअर मागात धातूचा हात आत जाऊन धागा ओढून नेतो. एअरजेटमध्ये हवेचा झोत धागा उडवत नेतो, मिनिटाला 800 वेळा आणि त्याहून जास्तही. आपला एक मीटर आता साडेतीन मिनिटांत होतो. वॉटरजेटमध्ये पाण्याची धार हे काम करते, पण तिथे सुती धागा चालत नाही, तो पाणी पितो. अर्थात हवेचा झोत फुकट येत नाही, त्यासाठी मोठे कॉम्प्रेसर चालवावे लागतात आणि त्यांचं वीजबिल मोठं असतं.

एवढा वेळ आपण कापड घडतं कसं ते पाहिलं. ते दिसतं कसं, हे ठरवणं म्हणजे डिझाइन, आणि मला स्वतःला सगळ्यांत आवडणारा भाग हा. आलेखाचा कागद घ्या. प्रत्येक चौकोन म्हणजे एक उभा आणि एक आडवा धागा भेटतात ती जागा. तिथे एकच गोष्ट ठरवायची असते: उभा धागा वर की खाली? वर असेल तर चौकोन काळा करा, खाली असेल तर कोरा ठेवा. एक काळा, एक कोरा, पुढच्या ओळीत उलट. झाला बुद्धिबळाचा पट. हा साधा वीण, तुमच्या शर्टाचा. आता दोन काळे, एक कोरा असं लिहा आणि प्रत्येक ओळीत एक घर पुढे सरका. कागदावर तिरकी रेघ उमटेल. ही ट्विल, गणवेशाच्या पँटवर भिंगाशिवायही दिसते. साध्या विणीत धागा पावलोपावली वळतो, ट्विलमध्ये कमी वळतो. म्हणून धागे जवळ जवळ दाटून बसवता येतात आणि कापड जाड असूनही अंगावर मऊ पडतं. वळणं आणखी कमी केली, चार-पाच धाग्यांवरून बाणा किंवा ताणा सलग धावला, तर प्रकाश त्यावर एकसारखा परततो आणि चमक येते. तो साटीन.

जीन्स उलटी करून पाहिलीत? बाहेरून निळी, आतून पांढरट. ती ट्विलच आहे. ताणा निळा, बाणा पांढरा, आणि निळा धागा तीन धाग्यांवरून जाऊन एकाखाली लपतो. बाहेर निळा जास्त, आत पांढरा जास्त. शर्टाचा चौकडाही असाच विणीतून येतो. समजा ताण्यात 8 पांढरे, 4 निळे, परत 8 पांढरे, 4 निळे असे धागे लावले आणि बाण्यातही तोच क्रम ठेवला. निळ्यावर निळा आला तिथे गडद चौकोन, निळ्यावर पांढरा आला तिथे फिका, पांढऱ्यावर पांढरा तिथे कोरा. चौकडा विणलेला आहे की छापलेला, हे ओळखायचं असेल तर कापड उलटं करा. विणलेला दोन्हीकडून सारखा, छापलेला मागून फिका.

फुलं, मोर, कोयऱ्या विणायच्या तर चौकटी पुऱ्या पडत नाहीत, कारण प्रत्येक धाग्याला वेगळा हुकूम द्यावा लागतो. फ्रान्समधल्या लियोंच्या जोसेफ मारी जॅकार्डनं 1804 मध्ये त्यासाठी भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ मागावर चढवली. एका आडव्या धाग्यासाठी एक पुठ्ठा. भोक असेल तिथे सुई आत जाते आणि तिच्याशी जोडलेला धागा वर उचलला जातो. भोक नसेल तिथे धागा खालीच राहतो. भोक किंवा भोक नाही, वर किंवा खाली, 1 किंवा 0. चार्ल्स बॅबेजनं आपल्या गणनयंत्राचा आराखडा करताना हेच पुठ्ठे घ्यायचं ठरवलं होतं. तुम्ही संगणकाच्या तासाला शिकता ते 1 आणि 0 मागावर आधी चालत होते. आज पुठ्ठे गेले. डिझायनर पडद्यावर चित्र काढतो आणि मागावर प्रत्येक धाग्याला त्या चित्रातल्या एकेका ठिपक्याप्रमाणे हुकूम मिळतो. हे शिकायला फार लांब जावं लागत नाही. शेजारच्या इचलकरंजीत, जिथे 1904 पासून यंत्रमाग आहेत, तिथे वस्त्र अभियांत्रिकीचं महाविद्यालय आहे.

धागा कशाचा, यावर कापडाचा स्वभाव ठरतो. गणवेशाच्या कापडात बहुधा पॉलिएस्टर असतंच. 1941 मध्ये इंग्लंडमध्ये विनफिल्ड आणि डिक्सन या दोघांनी ते शोधलं, आणि पाण्याची बाटली ज्या प्लास्टिकची असते तेच हे. ते सुरकुतत नाही, पटकन वाळतं, वर्षानुवर्षं टिकतं. पण आपल्या हवेत, एप्रिलच्या दुपारी पत्र्याच्या वर्गात, ते अंगाला चिकटतं. साध्या हवेत 100 ग्रॅम कोरडा कापूस साडेआठ ग्रॅम ओलावा धरून ठेवतो, पॉलिएस्टर अर्धा ग्रॅमही नाही. घाम शोषायला त्यात जागाच नसते. माझं स्पष्ट मत आहे की लहान वर्गांच्या गणवेशात सुताचं प्रमाण जास्त असायला हवं. इस्त्रीचा त्रास वाढेल, वाढू दे.

रंगाबद्दल थोडंच सांगते. 1856 मध्ये 18 वर्षांचा विल्यम पर्किन हिवतापावरचं औषध बनवायला गेला आणि हाती लागला जांभळा रंग, कारखान्यात बनलेला पहिला कृत्रिम रंग. बरोबर 100 वर्षांनी, 1956 मध्ये, कापसाच्या रेणूशी रासायनिक बंध बांधणारे रंग बाजारात आले. आजचे पक्के सुती रंग बरेचसे त्याच जातीचे. ते चढवताना पाण्यात मीठ घालतात. पाण्यात कापूस आणि रंग दोघांवरही ऋण प्रभार असतो, ते एकमेकांना ढकलतात. मीठ मधे पडून ते भांडण मिटवतं. मग धुण्याचा सोडा घातला की बंध पक्का होतो. जो रंग कापसाला न धरता पाण्यालाच धरतो तो मात्र धुऊन जातो, मीठही जातं. ते पाणी शुद्ध न करता सोडलं तर पंचगंगा आणि कृष्णेसारख्या नद्यांनी ते सोसायचं, आणि आपण त्याच नद्यांचं पाणी पितो.

टी-शर्टात ताणा-बाणा नसतोच. तिथे एकाच धाग्याचे फास एकमेकांत गुंतवलेले असतात, आईच्या विणकामासारखे, म्हणून तो ताणतो.

राहता राहिली कापडाची कड. धोट्याच्या मागावर बाणा टोकाला जातो, वळतो आणि परत येतो, म्हणून तिथली किनार बंद आणि गुळगुळीत असते. बिनधोट्याच्या मागावर प्रत्येक बाणा टोकाला कापला जातो. शर्ट शिवताना ही कड शिंपी कापून टाकतो, त्यामुळे तयार शर्टात ती दिसत नाही. मी वर्गात सांगितलं होतं, शिंप्याकडून चिंध्या मागून आणा. परवा ती शेवटच्या बाकावरची मुलगी निळ्या चौकड्याची लांब पट्टी घेऊन आली. तिच्या कडेला कापलेल्या टोकांची बारीक झालर होती. भिंग न लावताच ती म्हणाली, "बाई, ह्यात धोटा नव्हता."